मराठीच्या उंबऱ्यावरून

आमच्या कळव्याच्या घरात, स्वयंपाकघरात, खोक्याच्या लाकडाची एक मांडणी होती. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात कामाला. तिथं पश्चिम जर्मनीतून यंत्रं यायची, भल्यामोठ्या लाकडी खोक्यांतून, आणि खोकी रिकामी झाली की फळ्या कामगारांना स्वस्तात मिळायच्या. आमच्या मांडणीच्या मधल्या फळीवर काळ्या रंगात ठसठशीत इंग्रजी लिपीतली चार अक्षरं होती, ओ, बी, ई, एन, आणि शेजारी एक बाण. डाळीच्या डब्यांमागून तो बाण जमिनीकडे दाखवायचा. मी वडिलांना विचारलं होतं, हे काय लिहिलंय? ते म्हणाले, "जर्मन आहे, आपल्याला काय कळणार." पुढं बावीस वर्षांची झाल्यावर मला तो शब्द कळला. ओबेन म्हणजे वर. सुतारानं फळी उलटी बसवली होती आणि घरातल्या पाच माणसांपैकी कुणालाही ते कळायचं कारण नव्हतं.

पुढच्या पानांतले धडे त्या फळीपासून सुरू झाले असं मी मानते. गेली काही वर्षं खारेगावातल्या एका खोलीत मी जर्मन शिकवते. वर्गात बहुतेक परिचारिका, आयटीआय झालेली इलेक्ट्रिशियन मुलं, क्वचित एखादी अभियंता. प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहून द्यायचे ते तक्ते आणि वाक्यं इथं एकत्र केली आहेत. जर्मनची पुस्तकं बाजारात ढिगानं असताना आणखी एक कशाला, आणि तेही मराठीतून का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना. ती लांबली आहे, कारण या प्रश्नाचं उत्तर मला चाळीस वर्षांनी सापडलं.

परकी भाषा आपल्याकडची माणसं पूर्वी कशी शिकली, याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. माहेरचं नाव यमुना. १८७४ साली, नऊ वर्षांची असताना तिचं लग्न कल्याणच्या पोस्टातल्या गोपाळरावांशी झालं. नवऱ्यानं तिला शिकवायचं ठरवलं आणि मागे लागून शिकवलं. त्या शिकवण्यातली सक्ती आणि मारहाण आज वाचताना जीव गलबलतो, ते झाकून ठेवायचं काही कारण नाही. पण भाषेपुरतं पाहिलं तर तिच्या इंग्रजीला खरी गती आली ती पत्रांनी. १८८० पासून न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांच्याशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. पत्र बोटीनं जायचं, उत्तर बोटीनं यायचं. मधल्या आठवड्यांत आपण लिहिलेलं वाक्य बरोबर होतं की चूक, हे सांगणारं कुणी नाही. तरीही २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूरच्या कॉलेजात ती इंग्रजीतून जाहीर सभेत बोलली, अमेरिकेला का जाते आहे ते तिनं लोकांना समजावून सांगितलं, आणि ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसली. ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली, तेव्हा तिला बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कल्याण स्टेशनवरून गाडी सुटताना मला अनेकदा वाटतं, या मुलीनं इंग्रजीकडे जाताना पाय ठेवला असेल तो मराठीवरच. दुसरं होतं काय तिच्याकडे?

ती वाट तिची एकटीची नव्हती. महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य द्यायचं, त्याचं इंग्रजी करायला लावायचं. इंग्रजी द्यायचं, त्याचं मराठी. आज त्या पद्धतीला नावं ठेवतात, आणि बोलायला शिकवण्याच्या बाबतीत ती लंगडीच होती. पण दोन भाषा शेजारी ठेवून, कुठं जुळतात आणि कुठं फाटतात हे बोट ठेवून दाखवणं तिनं केलं, आणि ते फार मोलाचं होतं.

कानाविना डोळ्यांनी शिकणाऱ्यांत टिळक आले. मंडालेच्या तुरुंगात, १९०८ ते १९१४ या काळात, त्यांनी पुस्तकांवरून जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास केला. शिक्षक नाही, बोलायला जोडीदार नाही. वाचता येणं एवढंच उद्दिष्ट, आणि वाचता आलं. त्यांच्या आधी नेमका उलट्या दिशेनं असाच प्रवास मॅक्स म्युलरनं केला होता. या जर्मन पंडितानं ऋग्वेदाचे सहा खंड संपादित केले आणि आयुष्यात एकदाही हिंदुस्थानात पाऊल ठेवलं नाही. १८९७ मध्ये टिळक तुरुंगात गेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी केलेल्या अर्जावर त्याची सही होती. दोन माणसं, दूर राहून परकी भाषा शिकलेली. मुंबईत काळा घोड्याला जर्मन शिकवणाऱ्या संस्थेला त्याचंच नाव आहे, मॅक्स म्युलर भवन, आणि पुण्यातल्या संस्थेलाही.

ज्यांना कागदावर भागेना ते पायी निघाले. धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये गोव्यातलं घर सोडून बुद्धाच्या शोधात बाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ करत १९०२ मध्ये सिलोनला पोचले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगल महाथेरांकडे पाली शिकले. पुढं हार्वर्डला ग्रंथसंपादनासाठी गेले, १९२९ मध्ये लेनिनग्राडला पाली शिकवली. गुरू जिथं असेल तिथं जायचं, एवढी एकच पद्धत त्यांना ठाऊक होती. आणि पंडिता रमाबाई! वेदशास्त्रं कोळून प्यालेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली, कारण तिला बायबल मुळातून साध्या मराठीत आणायचं होतं. १९२२ मध्ये केडगावला त्या वारल्या. त्यांचं संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये बाहेर पडलं.

या सगळ्यांची नावं मी वर्गात पहिल्या दिवशी सांगते. मुलींना आनंदीबाई ठाऊक असतात, टिळकांचं जर्मन ठाऊक नसतं.

आता माझ्या पिढीकडे येते. मी १९८४ मध्ये जर्मनच्या वर्गात नाव घातलं. ऑफिस सुटलं की धावत गाडी पकडायची. कळव्याला फक्त धीमी गाडी थांबते, त्यामुळे परतताना रात्रीचे दहा ठरलेले. वर्गात एक टेपरेकॉर्डर होता. बाई कॅसेट लावायच्या, जर्मन पुरुष आणि बाई स्टेशनवर तिकीट काढायचे, हॉटेलात कॉफी मागायचे. तीन वेळा ऐकवायच्या, मग बंद. त्या आठवड्यातलं खरं जर्मन तेवढंच, वीसेक मिनिटांचं. आम्ही ते कानात साठवून नेत असू. गाडीत मी डोळे मिटून ती वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणायचे आणि मुलुंडपर्यंत शेवटचा शब्द निसटून जायचा. शब्दकोश एकच, तोही तिघींत. लिंग लक्षात राहावं म्हणून आम्ही वहीत निळ्या, लाल, हिरव्या शाईनं नामं लिहायचो.

आणि सगळं इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजी, खुलासा इंग्रजी, फळ्यावरचा अर्थ इंग्रजी. मी मराठी शाळेत शिकलेली. माझं इंग्रजी टाइपरायटरवरचं, पत्रव्यवहारापुरतं. म्हणजे एका डगमगत्या पायरीवर उभी राहून मी दुसरी पायरी चढत होते, आणि ती डगमगते हे कुणाला सांगायची सोय नव्हती. वर्गातल्या कॉन्व्हेंटच्या मुली पुढं जायच्या. मला वाटायचं, भाषा हा आपला प्रांत नाही.

एका संध्याकाळी पावसात भिजून वर्गात आले होते, पंख्याखाली जागा मिळाली होती. मला थंडी वाजतेय हे जर्मनमध्ये सांगायचं होतं. इंग्रजीवरून जुळवून मी म्हटलं, "इश बिन काल्ट." बाई हसल्या नाहीत, थांबल्या. म्हणाल्या, याचा अर्थ तू थंड स्वभावाची बाई आहेस असा होतो. "मीर इस्ट काल्ट" म्हण. मीर म्हणजे मला. काल्ट म्हणजे थंड. "मला" थंड आहे. मी बाकावर बसल्या बसल्या मनात म्हणाले, अहो, हे तर आमचंच आहे! मला थंडी वाजते. मला बरं वाटतं. मला आवडतं. इंग्रजीत "मी" थंड असतो, मराठीत आणि जर्मनमध्ये थंडी "मला" होते. हा एक शब्द मी तीन महिने इंग्रजीतून घोकत होते आणि तो माझ्या जिभेवर जन्मापासून होता.

त्या दिवसापासून मी वहीच्या डाव्या पानावर मराठी लिहायला लागले. हे पुस्तक म्हणजे त्या डाव्या पानाची वाढ आहे.

काय काय सापडलं, ते धड्यांत सविस्तर येईल, पण दोन-तीन गोष्टी इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आकडे घ्या. जर्मन माणूस पंचवीस म्हणताना आधी पाच म्हणतो, मग वीस. इंग्रजी शिकलेल्याची इथं दांडी उडते, पंचवीसचे बावन्न होतात, आणि परिचारिकेनं औषधाच्या मात्रेत ही चूक केली तर काय होईल ते सांगायला नको. पण आपण काय म्हणतो? पंच-वीस. बा-वीस. एक-वीस. एककं आधी, दशकं मागून. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं संख्यावाचन आलं आणि मोठा वाद झाला, तो अनेकांना आठवत असेल. शाळेतल्या मुलांना काय सोपं जातं, ते गणिताचे शिक्षक जाणोत. मला एवढंच ठाऊक आहे की माझ्या वर्गात "एकवीस" म्हणणारी मुलगी जर्मन आकडे दोन दिवसांत पकडते आणि "ट्वेंटी-वन" म्हणणारी दोन आठवडे झगडते. एकोणतीस तेवढं आपलं एकट्याचं. तिथं जर्मन माणूस सरळ नऊ-वीस म्हणतो.

लिंगाचं तेच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला टेबलाला लिंग कसं असेल हेच कळत नाही. आपल्याला तो, ती, ते बाळपणापासून. जुळत नाहीत हे खरं: जर्मनमध्ये चमचा तो, काटा ती, सुरी ते, आपल्याकडे चमचा तो, काटा तो, सुरी ती. सूर्य तिकडे बाई आहे. पण जर्मन "मेडशेन", म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी का, यावर इंग्रजी पुस्तकं बुचकळ्यात पाडतात. मी मुलींना विचारते, आपण लहानग्याला काय म्हणतो? पोरगा, पोरगी, आणि लाडानं? पोरगं. कुत्रं. पिल्लू. लहान झालं की "ते" होतं. जर्मनमध्येही शेवटी "शेन" लागलं, वस्तू लहान झाली, की "ते" होतं. वर्गात यावर एकदम हसू फुटतं, आणि मग ते कुणी विसरत नाही.

वाक्यरचना बघा. "वाइल इश क्रांक बिन." वाइल, कारण. इश, मी. क्रांक, आजारी. बिन, आहे. कारण मी आजारी आहे. एक शब्दही हलवावा लागत नाही. इंग्रजीत "आहे" मधेच येऊन बसतं, इथं ते आपल्यासारखं शेवटी येतं. उच्चाराचं सांगायचं तर जर्मन झेड म्हणजे आपल्या चाकातला, चुलीतला च. चहातला नव्हे, चुलीतला. हिंदी बोलणाऱ्यांना तो शिकावा लागतो, आपल्याला फक्त दाखवावा लागतो. जपानी शिकणाऱ्यांनाही त्सुनामीतला तोच च उपयोगी पडतो, आणि त्यांना तर क्रियापद शेवटी आणि शब्दामागे लागणारे प्रत्यय, दोन्ही घरचंच वाटतं.

मराठी सगळीकडे हात देते असं मात्र मी म्हणणार नाही. नामाआधी लागणारी उपपदं आपल्याकडे नाहीत, आणि ती विभक्तीगणिक बदलतात तेव्हा पाठांतराला पर्याय नसतो. ओठांचा चंबू करून काढायचे ते दोन स्वर मराठीत नाहीत. ते आरशासमोर उभं राहूनच येतात. वर्गात मुंब्र्याहून येणाऱ्या मुलींची घरची भाषा उर्दू असते. त्यांच्यासाठी मी वेगळी उदाहरणं शोधते आणि त्या मला शोधून देतात. "मुझे ठंड लग रही है" यात "मुझे" आहेच. आणि विटाव्या-खारेगावच्या आगरी घरांतल्या मुली. शाळेत त्यांना आयुष्यभर "शुद्ध बोल" असं ऐकावं लागलेलं असतं. एक मुलगी पहिल्या आठवड्यात तोंडच उघडेना. तिला मी म्हटलं, घरी "मला" कशी म्हणतेस? ती हळूच म्हणाली, "मना." म्हटलं, मग मीर म्हणजे मना, लिही. त्या दिवसापासून ती बोलायला लागली. ज्या भाषेची लाज वाटते त्या भाषेवर उभं राहून दुसरी भाषा शिकता येत नाही, हे मी तिच्याकडून शिकले.

आज काय बदललं? आवाज घरी आला. मी आठवड्याला वीस मिनिटं ऐकायचे, ते या मुली एका फेरीत ऐकतात. कळवा ते सीएसएमटी, महिलांच्या डब्यात, कानात एक तार, दुसरा कान शेजारणीला. जर्मन बातम्या सावकाश वाचून दाखवणारे कार्यक्रम आहेत, फोन उच्चार ऐकून चूक दाखवतो, शब्दाला हात लावला की अर्थ. आनंदीबाईंना महिनोन् महिने वाट बघून मिळायचं ते यांना क्षणात मिळतं. हे फार चांगलं झालं आहे. जुन्या कष्टांचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. ती कॅसेट बंद व्हायची तेव्हा माझ्या पोटात कालवायचं, ते कुणाच्या वाट्याला येऊ नये.

कारणंही बदलली. आम्ही हौस म्हणून, फार तर ऑफिसात बढती मिळावी म्हणून शिकलो. या मुली पोटासाठी शिकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण-तरुणींचं उद्दिष्ट ठेवलं. त्या बातमीनंतर माझ्याकडे चौकशीचे फोन थांबेनात. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारण बी-टू पातळी लागते, युरोपच्या सहा पातळ्यांमधली चौथी. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण, चारही परीक्षा. टिळकांसारखं नुसतं वाचून चालत नाही. आणि हे सगळं रात्रपाळी करून, वर्षा-दीड वर्षात, बहुतेकींच्या घरी कर्ज काढून. शिकण्याचं साहित्य मुबलक झालं, शिकायला लागणारी सवड तेवढी मुबलक झाली नाही.

आणि इंग्रजीची ती डगमगती पायरी आजही तिथंच आहे. माझ्या मुली फोनवर ज्या ॲपवर सराव करतात ते प्रश्न इंग्रजीतून विचारतं. इंग्रजीत "यू" एकच, म्हणून तू आणि तुम्ही यांतला भेद ॲपवर उशिरा उमगतो. एका मुलीनं सरावाच्या संवादात ऐंशी वर्षांच्या जर्मन आजींना "डू" म्हटलं, म्हणजे "तू". मी तिला विचारलं, वॉर्डात कळव्याच्या आजींना तू म्हणतेस का? ती दचकली. "नाही बाई, अहो आजी म्हणते." मग इथंही "झी" म्हण. इंग्रजीच्या वाटेनं जाताना तिच्या हातून स्वतःची रीत सुटली होती. मराठीच्या वाटेनं गेली असती तर चूक झालीच नसती.

फोनवरचं भाषांतर आज बऱ्यापैकी काम भागवतं, मग शिकायचं कशाला, असं मुलांचे वडील मला विचारतात. मी त्यांना सांगते, रात्री अडीच वाजता स्मृतिभ्रंश झालेला म्हातारा पलंगावर उठून बसतो, घाबरतो, तेव्हा फोन समोर धरून चालत नाही. त्याचा हात धरून "वो टूट एस वे?" विचारावं लागतं. कुठं दुखतंय? आणि तो काय पुटपुटतो ते त्याच्याच उच्चारात समजावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात माझी एक विद्यार्थिनी जर्मनीत पोचली. पहिल्या महिन्यात तिचा फोन आला. म्हणाली, बाई, इकडचे लोक पुस्तकातल्यासारखं बोलतच नाहीत, अर्धं गिळतात, पहिल्या दिवशी मी रडले. मी विचारलं, मग? म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत एका बाईंना नुसतं "मीर इस्ट काल्ट" म्हटलं, तर त्यांनी आपला स्वेटर काढून दिला.

धडे वापरण्याबद्दल थोडंसं. डावं पान मराठी, उजवं जर्मन. आधी डावं मोठ्यानं वाचायचं, मग उजवं. पुस्तकातला मराठी शब्द तुमच्या घरात वेगळा असेल तर खोडून आपला लिहावा. त्यासाठी समासात जागा सोडली आहे. पहिला धडा आकड्यांचा आहे. एकवीसपासून सुरुवात करा.

कळवा, गुढीपाडवा